समजावलं

त्या दिवशी सकाळी जळगावच्या पिंप्राळ्यातल्या निंबा आबाच्या घरात नेहमीसारखीच घाई होती. सून मेघा ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती आणि परातीशेजारी उघडी ठेवलेली वही मधूनमधून वाचत होती. वहीच्या पानाला पीठ लागलं होतं. साडेआठच्या बसने तिला विद्यापीठात जायचं होतं. शहराबाहेर, कपाशीच्या शेतांमध्ये उभं राहिलेलं ते एक लहानसं खासगी विद्यापीठ. एम.एस्सी.च्या तिच्या वर्गात अकराजण, त्यांत लग्न झालेली मेघा एकटीच.

"आबा, आज तपासणीची समिती येणार आहे," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात आमच्याकडून फॉर्म भरून घेतले. विद्यापीठ कसं वाटलं, खरं खरं लिहा म्हणाले. नाव लिहायचं नव्हतं."

"मंग तू खरं लिखं का?"

"लिहिलं."

"येडी शे तू," निंबा हसला. "असा कागदवर कोनी खरं लिखस का?"

मेघाही हसली आणि तिने भाकरी उलटली.

निंबा मूळचा दोंडाईचाजवळच्या खेड्यातला. बायको झुंबरबाई मागच्या वर्षी गेली, तेव्हा मुलगा प्रेमराज त्याला जळगावला घेऊन आला. प्रेमराज दाल मिलमध्ये सुपरवायझर होता. दारू नाही, जुगार नाही. गल्लीत सगळे म्हणत, पोरगा सोन्यासारखा आहे. हा सोन्यासारखा पोरगा महिन्यातून दोन-तीनदा बायकोला मारायचा. पण त्या घरात मारणं हा शब्दच नव्हता. तिथे त्याला 'समजाडणं' म्हणत, म्हणजे समजावणं. भाजी खारट झाली, माहेरचा फोन लांबला, की प्रेमराज बायकोला समजावायचा. शेजारीण टीव्हीचा आवाज वाढवायची. निंबा उठून अंगणात बसायचा. दुसऱ्या दिवशी मेघा लांब बाह्यांचा ड्रेस घालून बस पकडायची.

विद्यापीठ मोठं असतं तर तो फॉर्म हजार फॉर्मांत हरवून गेला असता. पण इथे प्रत्येकाचं अक्षर ओळखीचं. कार्यालयातला क्लार्क कुंदन हा प्रेमराजचा मावसभाऊ. त्याने मेघाच्या फॉर्मचा फोटो काढून दुपारी भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "वहिनीने घराचं नाव काढलं!"

मेघा सव्वासहाला घरी आली तेव्हा प्रेमराज मोबाइल हातात घेऊन ओट्यापाशी उभा होता.

"बठ्ठा भाऊबंद हासी राहिनात माले," तो म्हणाला. "काय लिहिलं हे?"

"मी विद्यापीठाबद्दल लिहिलंय हो. घराचं त्यात नावही नाही."

त्याने तिचे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. कपाळातून रक्त डोळ्यात उतरलं. ती खाली बसली तशी त्याने बरगडीत लाथ घातली. मग दारामागच्या खोक्यातून लोखंडी पाना काढला.

"कोणत्या हाताने लिहिलं?"

त्याने तिचा उजवा हात ओढून ओट्याच्या कडेवर दाबला आणि पाना घातला. हाड मोडल्याचा आवाज अंगणात बसलेल्या निंबाला ऐकू आला. तो दारात आला तेव्हा दुसरा घाव पडला होता. तिसऱ्या घावाला मेघाचं ओरडणं थांबलं.

"बस कर रे," निंबा म्हणाला.

प्रेमराजने मान वळवली. "आबा, तुम्ही बठा. तुम्हीच समजाडं ना मायले जनमभर? मी काय नवं करी राहिनू?"

निंबा दारातच बसला.

प्रेमराजने हात धुतले, पानाही धुतला. "ती बाथरूममा पडनी. मी मिलमा व्हतू. कोनी ईचारं ते हाईच सांगजा," असं बजावून तो निघून गेला. मग निंबाने रिक्षा बोलावली आणि बेशुद्ध सुनेला दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेघा शुद्धीवर आली. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, दोन बरगड्या मोडलेल्या. तिची वर्गमैत्रीण रूपाली भेटायला आली. तो फोटो आता सगळ्यांकडे पोचला होता. निंबाला वाचता येत नव्हतं. सुनेने घरादाराला शिव्या लिहिल्या असतील, असंच तो रात्रभर समजून होता.

"पोरी, तिनी काय लिखेल शे, ते माले वाची दाखाड," तो रूपालीला म्हणाला.

रूपालीने वाचायला सुरुवात केली.

"आमचं विद्यापीठ लहान आहे. प्रयोगशाळेत तीन सूक्ष्मदर्शक आहेत, त्यांतल्या एकातून काहीच दिसत नाही. ग्रंथालय साडेचारला बंद होतं. मुलींच्या शौचालयाला कडी नाही. साडेपाचची बस चुकली तर दुसरी नाही. इथली पदवी घेऊन नोकरी लागेल का, हे मला सांगता येत नाही. पण इथे समजावतात म्हणजे तोंडाने समजावतात. एकदा माझ्या हातून काचेच्या पट्ट्यांची पेटी पडली. मी दोन्ही हातांनी डोकं झाकलं. सर म्हणाले, काच वेचताना बोट कापू नका. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच धडा पुन्हा समजावला. मी विद्यापीठाला दहापैकी सात गुण देते."

"बस? एवढंच?"

"एवढंच, आबा."



दुपारी हवालदार नवल जबाब घ्यायला आला. "पोरगी म्हणते नवऱ्याने मारलं. नवरा म्हणतो बाथरूममध्ये पडली, तो मिलमध्ये होता. शेजाऱ्यांनी काही पाहिलं नाही. घरात तुम्ही एकटेच होतात. तुम्ही सांगाल त्यावर आहे सगळं. बोला आबा, काय झालं?"

मेघा सासऱ्याकडे बघत होती.

"प्रेमराज घरमाच व्हता," निंबा म्हणाला. "त्यानी तिले समजाडं."

हवालदाराने लिहिलं आणि वाचून दाखवलं, "पतीने पत्नीस समजावून सांगितले."

मेघाने तोंड भिंतीकडे वळवलं.

कागदावर आलेलं वाक्य ऐकून निंबाने हवालदाराचा हात धरला. "नही, नही. ते खोड. समजाडं नही. मारं. पानाघाई तिना हात मोडा. मी दखं. मी दारमा व्हतू आनि मी बठी गऊ."

"आबा, एकुलता पोरगा आहे. उद्या तुम्हाला कोण बघेल?"

"तू लिख."

हवालदाराने खोडलं आणि नव्याने लिहिलं. निंबाने अंगठा उठवला, पण तो खुर्चीवरून हलला नाही.

"आखो एक लिख, दादा. मन्ही बायको झुंबर. तिना डावा कान मी फोडेल व्हता, एक थापडमा. वीस वरीस व्हयनात. तिले त्या अंगनं ऐकू नही ये. मागला वरीस रस्तावर मांगून ट्रॅक्टर ऊना, तिले समजनाच नही. बठ्ठा म्हनतीत, अपघात शे. मी बी तेच सांगं."

हवालदाराने पेन खाली ठेवला. "आता त्याचं काय, आबा? ती माउली गेली. हा कागद या पोरीच्या केसचा आहे. तुमचं नाव साक्षीदार म्हणून आलं आहे. तेवढं पुरे."

"साक्षीदार कसाले?" निंबा म्हणाला. "जठे प्रेमराजनं नाव शे, तठे लिख."