उत्तरेच्या भिंतीवरचा क्रिस्टोफर

आमच्या चर्चच्या दक्षिण दारात उभं राहिलं की समोर उत्तरेच्या भिंतीवर संत क्रिस्टोफर दिसतो. खांद्यावर बाळ येशू, हातात झाडाएवढी काठी, पाय नदीत. कुठल्याशा राजाच्या काळात त्याच्यावर चुना फासला होता आणि माझ्या आजीच्या लहानपणी तो काढला, एवढं मला ठाऊक. सकाळी ज्यानं त्याला पाहिलं तो त्या दिवशी मरत नाही, हे मात्र गावात सगळ्यांनाच ठाऊक.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हापासून माझा नवरा सायलस रोज सकाळी बूट चढवून तिकडे जायला लागला. जन्मात कधी प्रार्थनेला वेळेवर न आलेला माणूस! मी चिडायचे, टोमणे मारायचे, आणि त्याचा दंड धरून बरोबर जायचे. दलदलीवरचं धुकं थडग्यांमधून कमरेएवढं वाहत असायचं आणि त्यात अख्खं चर्च तरंगतंय असं वाटायचं. दार ढकललं की गार दगडाचा आणि जुन्या मेणाचा वास यायचा. सायलस तिथूनच वर बघायचा.

"बघ थर्झा, कसा टक लावून बघतोय माझ्याकडे."

माझी नजर अधू. मला चेहऱ्याच्या जागी नुसतं करडं काहीतरी दिसायचं. मी हो म्हणायचे.

ईस्टरनंतर एका सकाळी गेलो तर त्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत पांढरा पडदा. चित्राच्या दुरुस्तीला शहरातून इमोजेन नावाची पोरगी आली होती. पडदा उन्हाळाभर राहणार होता.

सायलस मागच्या बाकावर बसला, हातमोजे काढून शेजारी ठेवले, आता कुठे जायचंच नसल्यासारखं.

"काढ गं तो पडदा!" मी ओरडले.

"नाही काढता येणार, आजी. रंगाच्या खपल्या सुटल्यात, वाऱ्यानं गळून पडतील," इमोजेन म्हणाली. "पण आत परांची बांधलीय, आजोबांना चढवत असेल तर मी नेते की."

"चढतो," सायलस म्हणाला.

"घरच्या जिन्यावर धाप लागते, आणि इथे परांचीवर माकडासारखा चढणार?"

"तू मागून ढकल. जन्मभर तेच केलंस."

थांबत थांबत चढलो. पडद्याच्या आत उजेड दुधासारखा होता, आणि बाहेरचा एकही आवाज येत नव्हता. छपराच्या तुळयांवरचे लाकडी देवदूत पंख पसरून अगदी जवळ आले होते. संताच्या पायाच्या बोटांमधून मासे पोहत होते, एक इवलीशी जलपरी केस विंचरत होती. मी वेळकाळ विसरले. आणखी वर त्याचा झगा, मग बाळाचे पाय, आणि मग उघडा गिलावा, छिन्नीचे घाव, मध्ये ओलीचा डाग.

"चेहरा कुठाय?" सायलसनं विचारलं.

"तो फार पूर्वीच कुणीतरी खरवडलाय," इमोजेन हळूच म्हणाली. "खालून ही ओलच चेहऱ्यासारखी दिसत असेल."

सायलस बघतच राहिला. "म्हणजे मी इतके दिवस ओलीच्या डागावर जगलो?"

त्या पोरीला तिथून ढकलून द्यावं असं मला वाटलं. पण राग टिकेना. मी नुसती घाबरले होते, इतकी की बोलून गेले.

"कशावर का होईना, जगलास ना? मला ते घर एकटीला नकोय, सायलस. कळतंय का तुला? संध्याकाळपर्यंत तरी राहा."

"संध्याकाळपर्यंत?"

"उद्याचं उद्या बघू."

त्यानं मान डोलावली. मग आम्ही सावकाश खाली उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याचे बूट आणून ठेवले. त्यानं घातले नाहीत. पलंगाच्या कडेला बसून तो माझ्याकडे बघत राहिला. माझे केस पिंजारलेले, तोंडात कवळीसुद्धा नव्हती.

"काय बघतोस रे असा?"

"संध्याकाळपर्यंतची सोय करतोय," तो म्हणाला. "हलू नकोस."

मी हलले नाही.