भोरीचा तुकडा

एका म्हशीपायी कृष्णातला दोन वर्षं जेवण गोड लागलं नव्हतं. दिवाळी पाडव्याला म्हशी पळवायच्या. पुढं सायलेन्सर काढलेली मालकाची मोटरसायकल, मागं नटवलेली म्हैस. सगळ्यांत जोरात पळायचा मान आधी त्याच्या राणीचा. राणी म्हातारी झाली आणि गल्लीतल्या विजयसिंहाच्या म्हशीनं तो नेला. आता राणीची रेडी बिजली पळायच्या वयाची झाली, आणि कृष्णात भर चौकात बोलून बसला, "बिजली पळली न्हाय तर वरीसभर विजयसिंहाच्या गोठ्यातलं शेण मी भरीन!" बोलायला काय जातंय!

पाडव्याच्या आदल्या दुपारी जनावरांची डॉक्टर दीक्षा लस टोचायला आली. कृष्णात बिजलीची शिंगं सजवत होता. "डॉक्टर, आई पळणारी, बाप पळणारा. ही राणीचा छापाच की!"

"छापा कुणीच कुणाचा नसतोय, दादा." दीक्षानं त्याच्याकडच्या दोन नव्याकोऱ्या रिबिनी उचलल्या. "ह्या गुणसूत्राच्या दोऱ्या समजा, आईबापाचे गुण ह्यांच्यातनंच येत्यात. ही लाल राणीला तिच्या आईकडनं आली. ही पिवळी बापाकडनं. राणीच्या पोटात बीज तयार हुताना ह्या दोघी अशा शेजारी येत्यात, आन् एकाच जागी तुटत्यात." कचकन कात्री चालली. कृष्णातच्या काळजात चर्र झालं. "मग तुकड्यांची अदलाबदल. लालला पिवळं, पिवळ्याला लाल. परत जोडत्यात, आन् त्यातली एकच बिजलीला मिळती. बिजलीच्या बापाकडनंबी तसंच. दर बियाला काप येगळा."

"म्हंजे हिच्यात भोरीबी आसंल?" उंबऱ्यावरनं कृष्णातच्या आईनं, आक्कांनी विचारलं. भोरी म्हणजे राणीची आई, आक्कांची लाडकी. दिवसभर नदीत बसायची आणि आक्का घाटावर घसा फोडायच्या. ती जाऊन अकरा वर्षं झाली, तरी नाव निघालं की आक्कांचा पदर डोळ्याला लागायचा.

"आसणार की. कुठला तुकडा, ते मला विचारू नगा."

"नदीत बसायचा नसला म्हंजे झालं!" कृष्णात हसला. दीक्षानं गाठ मारून जोडलेली लाल-पिवळी रिबीन त्यानं तशीच बिजलीच्या शिंगाला बांधली.

पाडव्याला पंचगंगेच्या घाटावर ही गर्दी! कृष्णातनं गाडी रेस केली आणि हाक टाकली. बिजली काय सुटली म्हणता! शिट्ट्या वाजल्या, विजयसिंहाचं तोंड एवढंसं झालं. कृष्णात छाती काढून पन्नास पावलं पुढं गेला आणि वळून बघतो तर म्हैसच नाही. बाईसाहेब पायऱ्या उतरून पाण्यात बसलेल्या. वर फक्त नाकपुड्या, शिंगं आणि ती रिबीन.

नव्या कपड्यांनिशी कृष्णात पाण्यात शिरला. कासरा ओढला, शिव्या घातल्या, शेवटी हातापाया पडला. बिजलीनं डोळे मिटून घेतले. घाट हसत होता आणि कृष्णातला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

तेवढ्यात आक्का लुगडं सावरत पाण्याशी आल्या. "ऊठ गं बाय!"

बिजलीनं कान हलवला आणि आणखी खाली बसली.

"भोरीच की ही!" आक्का हसायलाच लागल्या. "तिनंबी माझं कधी आयकलं न्हाय!" त्या पोट धरून हसत होत्या आणि डोळ्यांतनं पाणी गळत होतं. भोरी गेल्यापासून कृष्णातनं त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. त्यानं कासरा सोडून दिला.

विजयसिंह शेणाची रिकामी पाटी घेऊन पायरीवर हजर झाला. "काय कृष्णात, कवा येतोस?"

"उद्या सकाळी येतो," कृष्णात पाण्यात बिजलीशेजारी बसत म्हणाला. "आज आमच्या घरला पावणं आल्यात."