काळ्याशेजारचा तांबडा

मुंबईला चित्रकला शिकायला गेलेला सहादेव वर्षाने गावी परतला, तो दहा फुटी कापडाची गुंडाळी खांद्यावर घेऊनच. उलगडून पाहिले तर चित्रात ना देव, ना बैल. नुसते उभे पट्टे: काळा, तांबडा, हिरवा, पांढरा, निळा आणि शेवटी पुन्हा काळा. वडिलांनी, भिमाजींनी, कपाळाला हात लावला.

"चावडीत टांग," ते म्हणाले. "गावातली चार मान्सं जरी म्होरं थांबली, तर पुढल्या वर्साला धाडतो. न्हाईतर औत धर."

सहादेवने धास्तावतच चित्र टांगले. आणि काय सांगावे, तासाभरात अर्धा गाव चावडीत! पठ्ठ्याच्या अंगावर मूठभर मांस चढले.

मग त्याला बोलणी ऐकू आली. त्या महिन्यात गावात तुकडेजोड चालली होती. विखुरलेली रानं एकत्र करून कुणाला कुठली सलग जमीन मिळणार, त्याचा नकाशा चावडीत लागायचा होता. गावाने तो लागला असेच धरले.

"काळं रान भिमाजीला, आन् मला ही पांढरी, खारी चोपन व्हय?" भाऊबंद कोंडीराम कडाडला. लंकाबाईने निळ्यावर हात ठेवला, "पाटाकडंचं रान माझंच."

भिमाजी दारातून गर्दी पाहत होते. सहादेव गप्प बसता तर मुंबई पक्की होती. पण कोंडीरामने तंबाखूच्या चुन्याने हिरव्यात हद्द आखायला घेतली आणि सहादेवला राहवेना.

"नकाशा न्हाई हो, चित्र हाय! नुसते रंग हायेत!"

चावडी घटकेत रिकामी झाली. "मंग एवढा रंग नासला कशापायी?" लंकाबाई जाता जाता म्हणाली. सहादेव रडायचाच काय तो बाकी होता.

भिमाजी मात्र चित्रापुढून हलेनात. "ह्यो काळा आन् शेवटचा काळा, एकाच डब्यातला?"

"एकाच, आबा."

"मंग ह्यो जास्ती काळा कसा दिसतुय?"

"शेजारी तांबडा हाय ना. शेजाऱ्यामुळं खुलतो रंग."

भिमाजींनी तांबड्या पट्ट्यावर बोट ठेवले. त्यांच्या काळ्या रानाला लागून कोंडीरामचा तांबडा माळ होता.

"आन् मी वीस वर्सं सांगतुय, माझ्या शेनखतानं काळं झालंय," ते पुटपुटले. मग त्यांनी दाराबाहेर डोकावून घेतले. "कोंडीरामाला हे कळता कामा न्हाई. तू सोमवारच्या यष्टीनं मुंबई गाठ."