नाना शे

अभिमन नानांनी छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात तारा जोडल्या आणि निवृत्त झाल्यावर घरात जोडायला घेतल्या. धुळ्याच्या देवपुरात तीन खोल्या आणि स्वयंपाकघर असं घर, त्यात माणूस एक आणि कॉम्प्युटर चार. शेजारच्या भिकुबाईंनी दारातून डोकावून विचारलं, "नाना, इतला कॉम्प्युटर कोनासाठे?"

"पोरेसाठे," नाना म्हणाले. पोरं कुठे असतात ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

मुलगा कुंदन पुण्यात नोकरीला, मुलगी नूतन जळगावच्या कॉलेजात शिकवायला. तीन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हापासून दोघांचं येणं सकाळी येऊन संध्याकाळी परतण्यापुरतं उरलं होतं, आणि सबब ठरलेली. नाना, तिकडे नेट धड नाही, काम अडतं. आता नाना पडले तारांचे माणूस. सबब तारेची असेल तर ती मोडून काढणं त्यांच्या हातातलं होतं. येत्या आखाजीला, लेकी माहेरी येतात त्या सणाला, दोघांनी आठ दिवस राहावं, आपापल्या खोलीत बसून खुशाल काम करावं आणि जेवायला हाक मारली की बाहेर यावं. म्हाताऱ्याचं मागणं एवढंच.

पहिल्या केबलीनेच त्यांना घाम फोडला. आठ बारीक तारा रंगांच्या क्रमाने टोकात बसवायच्या. टेलिफोनच्या तारांत पहिला मान निळ्याचा, आणि छत्तीस वर्षांत बोटांना तेच वळण लागलेलं. इथे पहिला मान केशरीचा. नाना निळा पुढे घालत राहिले आणि नेटवर्क लंगडत राहिलं. चूक सापडली तेव्हा ते एकटेच मोठ्याने हसले. हसणं संपल्यावर घर फारच शांत वाटलं, म्हणून उगाच रेडिओ लावला.

प्रत्येक कॉम्प्युटरला नाव हवं होतं. कुंदनच्या खोलीतला कुंदन, नूतनच्या खोलीतला नूतन, बाहेरच्या खोलीतला नाना. सगळ्यांच्या फायली सांभाळणारा चौथा, म्हणजे सर्व्हर, त्यांनी स्वयंपाकघरात ज्वारीच्या कोठीशेजारी ठेवला आणि त्याला बायकोचं नाव दिलं, द्रौपदा. या घरात काही सापडेनासं झालं की तिलाच विचारायचं, अशी रीतच होती. मुलांच्या गुणपत्रिका, लग्नांचे फोटो, पापडाचं प्रमाण, सगळं त्यांनी तिच्यात भरलं आणि त्या फोल्डरला नाव दिलं 'बठ्ठं', म्हणजे सगळं.

मग त्यांनी एक पान बनवलं. घरातला कुठला कॉम्प्युटर चालू आहे ते त्यावर दिसे. चालू असला की 'शे', म्हणजे अहिराणीतलं 'आहे', बंद असला की 'नही'. रोज सकाळी चहा ठेवण्याआधी नाना तिन्ही खोल्यांत जाऊन बटणं दाबत आणि मग पान उघडून वाचत. कुंदन शे. नूतन शे. नाना शे. द्रौपदा शे. ते वाचल्याशिवाय चहा गोड लागत नसे.

आखाजीला दोघं आली. कुंदनने खोलीत बसून मीटिंग उरकली आणि बाहेर येऊन म्हणाला, "नाना, ऑफिसपेक्षा भारी चालतं हे." नानांची छाती फुगली. दुपारी पुरणपोळी झाल्यावर कुंदन त्यांच्या मशीनवर बसला आणि अर्ध्या तासात त्याने बाहेरून आत यायची वाट करून दिली. आता पुण्यातून, जळगावातून, मोबाईलवरसुद्धा द्रौपदातलं सगळं दिसणार होतं, ते पानही.

"आता आम्ही कुठेही असलो तरी घरातच," कुंदन म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला. नूतन तर त्याच संध्याकाळी निघाली होती.

त्यानंतर फोन कमी झाले. आधी दिवसाआड येत, मग रविवारी. नानांनी मनाला समजावलं, कामं असतील.

जूनमध्ये त्यांना ताप भरला. चार दिवस अंथरुणावरून उठवेना, मशीन बंद करायचंही त्राण नव्हतं. भिकुबाईंनी दोन वेळा पेज आणून पाजली. फोन उशाशी होता आणि तो वाजला नाही. आपण करावा असं शंभरदा मनात आलं, पण आजारी आहे म्हणून बोलावणं म्हणजे भीक मागणं, असं नानांचं डोकं. ताप उतरल्यावर रविवारी कुंदनचा फोन आला.

"रोज बघतो नाना. तुमच्यापुढे 'शे' दिसतं, बरं वाटतं. नूतनपण तेच बघते."

नानांनी तापाचं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळी बटणं दाबली, स्वतःचं सोडून. मोबाईलवर पान उघडलं. नाना नही. मग खुर्ची ओढून फोनसमोर बसले. नऊ वाजले. अकरा वाजले. भिकुबाई डोकावून गेल्या. एक वाजता भाकरी खाल्ली, तीही फोनकडे बघत.

पावणेतीनला नूतनचा फोन आला. "नाना, वीज गेली का?"

"वीज शे."

"मग तुमचं मशीन बंद का दिसतंय?"

"मीच बंद कयं." नानांनी रागाने बोलायचं ठरवलं होतं, पण आवाज मऊच निघाला. "म्हनं, नाना शे का नही, कोनी तरी इचारी."

नोकरी लागल्यापासून नूतन बापाशी कधी अहिराणीत बोलली नव्हती. ती हळूच म्हणाली, "नाना, शेतस का तुम्ही?"

"आज शे," नाना म्हणाले आणि फोन ठेवला.

मशीन त्यांनी सुरू केलं नाही. जळगावहून पारोळ्यामार्गे येणाऱ्या एसटीच्या वेळा त्यांना पाठ होत्या. डब्यातून त्यांनी दोन माणसांपुरतं पीठ काढलं, परातीत घेतलं, आणि पाणी न घालता तसंच झाकून ठेवलं.