ठेव माझीच

भावजयीने आपले पैसे नणंदेकडे ठेवले, असं कुणाला सांगून बघा. माणूस आधी हसेल आणि मग म्हणेल, "बरं, आता खरं काय ते सांगा." भत्त्याच्या कचेरीतले चष्मेवाले साहेबही तेच म्हणाले. त्यांचा तरी काय दोष? नणंद-भावजयीचं सूत जगात कुठे जमलंय!

आत्याचं मात्र जमलं होतं. आत्या ती एका भाचीची, पण तिचं ऐकून सगळी गल्ली तिला आत्याच म्हणायची. आयुष्यभर तिने लाँड्रीत इस्त्री फिरवली आणि एक दिवस उजवा खांदा असा धरला की केस विंचरायलाही हात वर जाईना. नवरा कधीच गेलेला. तेव्हापासून खोलीचं भाडं आणि औषध सरकारी भत्त्यावर चालायचं. अट एकच, गाठीला फार पैसा नको. दरवर्षी अर्जात 'ठेवी' असं लिहिलेलं असे आणि त्यापुढे आत्या बिनदिक्कत 'नाही' लिहायची.

खोटं लिहितोय असं तिला वाटलंच नव्हतं. ठेव ज्याने ठेवली त्याची, आपण नुसती सांभाळायची. शेजारीण गावाला जाताना किल्ली देऊन गेली, म्हणून तिचं घर काय आपलं झालं?

"मग हे काय?" साहेबांनी कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. "खातं तुमच्या नावावर, रक्कम मर्यादेच्या दुप्पट."

"ते माझे नाहीत हो साहेब. वहिनीची ठेव आहे."

"भावाच्या बायकोची? आणि नणंदेकडे?" साहेब चष्मा काढून हसले. "बाई, मलाही बहिणी आहेत."

माणूस वाईट नव्हता. हसून झाल्यावर म्हणाला, "तुमचं खरं धरतो. आम्ही वहिनींना पत्र पाठवू. त्यांनी सही करून दिली की भत्ता चालू. नाहीतर पैसे तुमचे धरायचे आणि भत्ता बंद. उद्या येऊन सांगा."

"पत्र माझ्याच हाती द्या ना. मी नेऊन देते."

"तसं चालत नाही. घरच्या पत्त्यावरच जातं."

त्या घरी आलेलं प्रत्येक पाकीट दादा फोडायचा.

दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. गल्लीत विचाराल तर देवमाणूस. आत्याचा खांदा गेला तेव्हा पहिल्या महिन्याचं धान्य खांद्यावर टाकून यानेच आणलं होतं. आणि याच देवमाणसाच्या घरात एकाही दाराला आतून कडी नव्हती. सगळ्या त्याने स्क्रू काढून उपटल्या होत्या, अगदी न्हाणीघराचीसुद्धा. "आपल्याच घरात कुणापासून लपायचंय?" असं म्हणायचा. वहिनी भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचे ब्लाउज का घालते, हे आत्याला एकदा पाठ चोळून देताना कळलं. त्या दिवशी ती भावाची बहीण राहिली नाही. वहिनी पिशव्या शिवायच्या कारखान्यात होती. पगार दादा मोजून घ्यायचा, पण जादा कामाचे पैसे ती घरी जाताना वाट वाकडी करून आत्याच्या हातात कोंबायची. कधीतरी पोरीला घेऊन वेगळी खोली घ्यायची, एवढंच तिच्या मनात होतं.

कचेरीतून आत्या तडक दादाकडे गेली. स्वयंपाकघरात नळ सोडून, त्याच्या आवाजाआड तिने वहिनीला सगळं सांगितलं.

वहिनीचा चेहरा उतरला, पण ती म्हणाली, "सांगून टाका, वन्सं. येऊ दे पत्र. माझ्यापायी तुमच्या पोटावर पाय नको."

"आणि त्याने वाचलं म्हणजे?"

वहिनीने नळ आणखी मोठा केला.

बाहेरून दादाने बहिणीला हाक मारली, "काय गं चिमणे, कसली खलबतं चाललीत? मला विकायला काढलंत की काय?" आणि स्वतःच खो खो हसला. एरवी आत्याही हसली असती. त्या दिवशी तिला हसू येईना, आणि येत नाही हे त्याला दिसेल म्हणून भीतीही वाटली.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांसमोर बसली. "माझेच आहेत," ती म्हणाली.

"म्हणजे काल खोटं बोललात?"

"हो."

"एवढी रक्कम असून गरिबाचा भत्ता खात होतात! लाज नाही वाटत?"

कर नाही त्याला डर कशाला, म्हणतात. म्हणणाऱ्याने एकदा त्या खुर्चीवर बसून बघावं. जन्मात कुणाचा उसना रुमाल न बुडवलेल्या आत्याचे कान तापले, मान खाली गेली. साहेब थोडे नरमले. "वय बघून मागची वसुली सोडून देतो. पण आता ही रक्कम आधी खाऊन संपवा, मग नवा अर्ज करा."

सुटीच्या वेळी कारखान्याच्या फाटकाशी तिने वहिनीला सांगितलं, "पत्र येणार नाही. तू निर्धास्त राहा."

"आणि भत्ता?"

"बघू. डाव्या हाताने इस्त्री होते म्हणे."

वहिनी वळली आणि झपझप निघून गेली. आत्याला वाटलं, एवढं करून हिला साधं बरंसुद्धा म्हणवलं नाही. राग आला तिला, का येऊ नये?

दिवेलागणीला दार वाजलं. वहिनी उभी होती, मागे दप्तर पाठीला लावलेली भाची. हातात एकच पिशवी.

"खाऊन संपवा म्हणाले ना साहेब? एकटीने कधी संपायचे ते, वन्सं," वहिनी म्हणाली. हसायला गेली आणि रडली. मग हळूच विचारलं, "तुमच्या दाराला आतून कडी आहे ना?"

आत्याने दोघींना आत ओढलं आणि कडी घातली. भाचीने ती दोनदा हलवून बघितली.

भात शिजतोय तोवर जिन्यात ओळखीची पावलं वाजली. "चिमणे, दार उघड. माझी माणसं आलीत ना तुझ्याकडे?" आवाज गोड होता. लहानपणी शाळेत न्यायला यायचा, तेव्हा अशीच हाक मारायचा. आत्याचा हात सवयीने कडीकडे गेला. भाची भिंतीला चिकटून त्या हाताकडे बघत होती.

आत्याने हात मागे घेतला आणि दुखरा खांदा दाराला टेकवला.

"तुझं इथे काही नाही, दादा," ती म्हणाली. "आहे ते सगळं माझंच आहे."