एकशे दहा वेढे

"त्रेसष्ट, चौसष्ट..." वहिनीचे ओठ हलत होते. डाव्या हाताने तार ताणून धरायची, उजव्याने साच्याची मूठ फिरवायची. जळालेल्या पंपाच्या मोटरीत तांब्याची नवी तार भरायची, तर प्रत्येक गुंडाळीत वेढे एकशे दहाच हवेत. मोजणी चुकली की मोटर पुन्हा जळणार.

म्हणून ती मोजायला बसली की घरात कुणी बोलायचं नाही. आलेल्या पाहुण्यालासुद्धा सासूबाई खुणेनेच बसवत.

आजचा पाहुणा मात्र बोलायलाच आला होता. तंत्रशाळेचे सर, मांडीवर छापील कागद. शिकून गेलेल्यांच्या घरचं उत्पन्न किती वाढलं, ते गावोगाव फिरून लिहीत होते. समोर धाकटा दीर, इस्त्रीच्या शर्टात.

"तिप्पट झालं सर," तो म्हणाला.

खोटं नव्हतं ते. भिंतीवर दिराचं प्रमाणपत्र लागलं आणि पूर्वी बाईच्या हातचं काम नको म्हणणारे मोटरी घेऊन दारात उभे राहिले. काम अजूनही बाईच्याच हातचं होतं. दिराने भरलेल्या दोन मोटरी आठवड्यात जळाल्या, तेव्हापासून तो फक्त गिऱ्हाईक बघायचा आणि पावतीवर झोकात सही ठोकायचा.

तंत्रशाळेत घरटी एकच जागा. अर्ज तिचा होता. पंपमेकॅनिक नवऱ्याच्या हाताखाली ती सात वर्षं हे काम शिकली होती. तो गेल्यावर तिला हवा होता तो फक्त कागद. "वहिनी, मला जाऊ द्या. दारावरच्या पाटीवर दोघांचं नाव लावू," दीर म्हणाला होता. तिने जागा सोडली. पाटी लागली, तिच्यावर नाव एकच.

"वहिनी, तुम्ही काय काम करता?" सरांनी विचारलं.

अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद. तिने डोळ्यांनीच सांगितलं, थांबा जरा. वीस-एकवीस वेढ्यांचाच तर प्रश्न होता.

"घरकाम," दीर म्हणाला. "मला हातभार लावतात कधीमधी. कमावता एकच लिहा."

सरांनी खाली मान घालून लिहिलं. मोजताना ती बोलू शकत नाही, हे दिराइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात थांबला नाही.

एकशे दहा झाले, तेव्हा सर फाटकाबाहेर गाडीला किक मारत होते.

त्यांना पोचवून दीर परत आला. "उद्या सकाळी मोटर न्यायला येणारेत. होईल ना?"

वहिनीने तारेचं टोक सोडवलं आणि मूठ उलटी फिरवायला सुरुवात केली.

"अहो वहिनी, हे काय करताय? गिऱ्हाइकाला मी काय..."

सासूबाईंनी दारातूनच ओठांवर बोट ठेवलं.

"गप्प बस. ती मोजतेय."

एकशे नऊ, वहिनीचे ओठ हलले. एकशे आठ.