झुंबरबाईनं दावी सोडली

सिंगापूर कुठल्या दिशेला आहे हे हिरडेवाडीत एकालाही सांगता आलं नसतं, पण ते जपान्यांनी घेतलं हे आठवड्याच्या आत सगळ्यांना ठाऊक झालं. लोणावळ्याचे बंगले मुंबईहून पळून आलेल्या माणसांनी भरले होते. कामशेतच्या बाजारात रॉकेलला रांग लागत होती. आणि वाडीच्या डोक्यावर, दोन कोसांवर, विजेचं धरण. मुंबईची वीज तोडायची तर जपानी आधी ह्या धरणावर बाँब टाकणार, धरण फुटलं की ओढ्याकाठच्या दोन्ही वाड्या धुऊन जाणार, असं जो तो छातीठोक सांगायचा. सांगणाऱ्यानं ना जपानी बघितला होता ना बाँब, पण सांगायला काय लागतं.

सरकारनं ओढ्याच्या अल्याड हिरडेवाडीत आणि पल्याड सावरवाडीत रुळाचा एकेक तुकडा झाडाला टांगून दिला होता. तालुक्याच्या युद्ध समितीकडून चिठ्ठी आली की पोलीस पाटलानं तो हातोडीनं बडवायचा आणि गावानं सगळं टाकून डोंगरावरच्या पठारावर जायचं. हिरडेवाडीचा पाटील अंबाजी, झुंबरबाईचा चुलत दीर. पुढ्यात उभा असेल त्याला व्हय म्हणणारा माणूस. त्याच्या सांगण्यावरून गाव चूल विझवणार नाही, मग डोंगर कसला चढतंय.

गाव बघायचं झुंबरबाईच्या गोठ्याकडं. सोळा वर्षांमागं ओढा अंगावर आला तेव्हा पुरुष मंडळी, उतरंल पाणी, म्हणत तंबाखू मळत बसली होती. झुंबरबाईला नवरा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिनं कुणाला विचारलं नाही. गोठ्यात गेली, दावी सोडली, ढोरं डोंगराला हाकलली. तिचं बघून ज्यांनी सोडली त्यांची वाचली, जे बसले त्यांची दाव्याला बांधल्या जागी मेली. आग लागो, पाणी येवो, वाघ उतरो, इथला माणूस आधी दावं सोडतो, मग पोरं उचलतो. आणि हिरडेवाडीत दावं कधी सोडायचं ते तेव्हापासून झुंबरबाईच्या गोठ्यावर ठरायला लागलं. ह्याचा तिला ताठा होता. का नसावा? तो काही कुणी तिला आहेरात दिला नव्हता.

निवडणुकीच्या आदल्या गुरुवारी तिचा धाकटा भाऊ रखमाजी माहेरच्या गावाहून, नवलाख उंबऱ्याहून, सायकलवर आला. रखमाजी सहा वर्षं लोकल बोर्डाचा मेंबर होता आणि पुन्हा उभा होता. युद्ध समितीचा चिटणीसही तोच. त्याच्यासमोर उभे होते कामशेतचे हौशीराम मास्तर, पेन्शनीत निघालेले, आणि त्यांनी हिरडेवाडीला ओढ्यावर साकव बांधून द्यायचा शब्द दिला होता. पावसाळ्याचे चार महिने वाडीला ओढा ओलांडता येत नसे; आजारी माणूस अल्याडच पडून राहायचा, बरा झाला तर झाला. रखमाजीनं सहा वर्षांत दोन वेळा साकवाची जागा मोजून नेली होती. दोन्ही वेळा जागा तेवढीच भरली होती.

तेव्हा वाडी मास्तरांकडं झुकली होती हे उघड होतं. ज्यांच्या नावावर जमीन त्यांनाच मत, अशी एकसष्ट मतं वाडीत. त्यातलं एक झुंबरबाईचं. तिनं भावाला तोंडावर सांगून टाकलं होतं की माझं मत तुझं, एका आईचं दूध प्यालो म्हणून. बाकीच्यांनी तुला कशासाठी द्यावं ते मला समजत नाही आणि त्यांना मी सांगणारही नाही.

चहा पिताना रखमाजीनं मताचा विषयच काढला नाही. बशी खाली ठेवून तो म्हणाला, "आक्का, मत ऱ्हाऊ दे. येवढंच कर. रूळ वाजला तर अंबाजीचं कुनी ऐकायचं न्हाई. तू दावी सोड. गाव वाचंल."

"खरंच येनार हायेत का रं इमानं?"

"वरनं कागद आलाय. माज्या गळ्याची आन."

तिनंच त्याला कडेवर वागवला होता. त्यानं स्वतःच्या गळ्याची आण घेतल्यावर पुढं काय विचारायचं?

मताचा दिवस उजाडला. हिरडेवाडीची रीत अशी, की बाजार असो, जत्रा असो, जायचं ते सगळ्यांनी मिळून. ढोरांचं वैरण-पाणी आटपून, भाकरी खाऊन, उन्हं वर आल्यावर कामशेतच्या शाळेकडं निघायचं ठरलं होतं. वाट दीड कोसाची, मतं पाचपर्यंत. तालुक्यात हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. बाप्ये धुतलेली धोतरं नेसून ओट्यावर बसले होते, बायका तव्यावरची शेवटची भाकरी उलटत होत्या, आणि रूळ वाजायला लागला.

माणसं जागच्या जागी उभी राहिली. अंबाजी एका हातात चिठ्ठी घेऊन दुसऱ्या हातानं हातोडी मारत होता आणि घामानं निथळत होता. कुणी म्हणालं, सराव असंल. कुणी म्हणालं, आजच बरा सराव. पण बोलता बोलता सगळ्यांच्या माना झुंबरबाईच्या गोठ्याकडं वळल्या होत्या.

तिनं हातातलं पीठ पदराला पुसलं. आत गेली. दोन्ही बैल, म्हैस, गाय, पाडी, एकेकाचं दावं सोडलं आणि दारात येऊन हाळी दिली, "बघताय काय? सोडा."

मग काय विचारता. पाऊण घटकेत वाडी रिकामी झाली. ढोरं हरभऱ्याच्या वावरातून उधळली, बायका पोरं काखेला मारून पळाल्या. अल्लाबक्ष मुलाण्याची आई मदिना दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिला घोंगडीच्या झोळीत घालून अल्लाबक्षनं आणि त्याच्या भावानं खांद्यावर घेतली. चढणीला झोळी दगडाला आपटली आणि म्हातारी एकदम गप झाली. ती गप झाली म्हणून झुंबरबाई दोनदा मागं वळून बघून आली. म्हातारीनं डोळे उघडून तिलाच विचारलं, तू हायेस न्हवं? तिनं व्हय म्हटलं.

पठारावर सगळे आभाळाकडं बघत बसले. आभाळ कोरडं ठणठणीत, एक घार तेवढी फिरत होती. ढोरं पांगून सरकारी रानात शिरली होती. रानातला गार्ड सापडेल ते जनावर कोंडवाड्यात घालायचा, म्हणून बाप्ये त्यांच्यामागं धावून धावून दमले होते. तास गेला. दुसराही गेला. तिसराही सरत आला.

झुंबरबाई कड्याच्या टोकाला जाऊन बसली. तिथून खालचं सगळं दिसतं. आधी तिला सावरवाडीचा धूर दिसला. चुली पेटलेल्या होत्या. मग ओढ्यावर धुणं आपटणाऱ्या बायका दिसल्या. मग कामशेतच्या वाटेवर पांढऱ्या टोप्यांची रांग दिसली, सावरवाडीची माणसं, सावकाश, गप्पा मारत मताला चाललेली. सावरवाडी रखमाजीची. झाडून सगळी. धरण फुटलं तर पाणी ओढ्याच्या दोन्ही काठांनी येणार. ते काही अल्याडचं-पल्याडचं विचारत बसणार नाही. आणि वर मान करून बघावं तर लांब धरणाच्या भिंतीवर कामगारांचे ठिपके रोजच्यासारखे सावकाश हलत होते.

ती उठली आणि अंबाजीला झाडामागं घेऊन गेली. आवाज चढवला नाही. चिठ्ठी कधी आली, एवढंच विचारलं.

अंबाजीनं खाली बघितलं. "काल सांजच्याला."

"आन् वाजवलीस आज?"

"चिठ्ठीतच लिवलंय वैनी. साडेदहाला वाजवायचा. कुनाला बोलायचं न्हाई. न्हाईतर पाटीलकीचा कागद वर जाईल." चिठ्ठीची घडी घालत तो म्हणाला, "मला वाटलं, तुमचाच भाऊ हाय. तुमाला ठावं असंल."

हे तिला चपराकीसारखं लागलं. अंबाजीला तसं वाटलं, म्हणजे उद्या गावालाही तसंच वाटणार. भावानं मताची चोरी केली होती ती तिच्या हातानं. गप्प बसावं तर कुणाला काही कळणार नाही. संध्याकाळी उतरू, सरकारी भोंगळपणा म्हणून सगळे हसतील, तिचा मान आहे तिथं राहील. बोलावं तर माहेर तुटलं, दिराची पाटीलकी गेली. शिवाय गाव म्हणणार, भावाला सामील होती, आता अंगावर आलं म्हणून पलटली. सूर्य डोक्यावरून बराच कलला होता. अजून उतरलं तर पाचच्या आत शाळा गाठता येत होती. एखाद्या घटकेनंतर तेही नाही.

ती लोकांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"ऐका. इमानं न्हाईत, काय न्हाई. रखमाजीनं रूळ वाजवायला लावला, तुमी मताला जाऊ नये म्हून. दावी मी सोडली. मला ठावं नव्हतं, पर सोडली मीच. आता उठा आन् कामशेतला जावा."

कुणी उठलं नाही. दत्तोबा गवताची काडी चावत होता. तो म्हणाला, "काकी, मगा म्हनालात सोडा. आता म्हनताय जावा. ह्यातलं आमी कुठलं धरायचं?"

दोन-चार जण हसले. त्या हसण्यात कधी नव्हे ते झुंबरबाईचं भय नव्हतं. तिनं ते गिळलं. ढोरांचं काय, असं कुणीतरी विचारलं, आणि खरी अडचण तीच होती. इथला माणूस मत बुडवील, पण सोडलेलं जनावर रानात टाकून जाणार नाही. रखमाजीला हे ठाऊक होतं. तो काही विलायतेत वाढला नव्हता.

"ढोरं मी बघते," ती म्हणाली. "मी आन् ह्या बिनमताच्या बाया. एक जरी कोंडवाड्यात गेलं तर माज्या गोठ्यातलं सोडून न्यावा. मी मताला जात न्हाई."

पहिला उठला अल्लाबक्ष. आईला झुंबरबाईच्या बाजूला निजवलं, मुंडासं बांधलं आणि उतरायला लागला. त्याच्यामागून दत्तोबा, मग आणखी. ती मोजत होती. सव्वीस झाले आणि उतरणं थांबलं.

बाकीच्यांजवळ ती एकेकाजवळ गेली. मारुती भोईराजवळ तर खाली बसली. सोळा वर्षांमागं ह्याच मारुतीचे चार बैल तिच्यामुळं वाचले होते. तो आभाळावरची नजर न काढता म्हणाला, "न्हाई काकी. तुमी दावं सोडलंत तवाच मी ठरवलं. तुमी उगीच सोडनाऱ्या न्हाई. आता तुमाला कुनी काय सांगून भुलवलं असंल." ती म्हणाली, अरे मीच सांगते ना. तो म्हणाला, व्हय, पर दावी बी तुमीच सोडली.

जे तिला फारसं मानत नव्हते ते मताला गेले. जे मानत होते ते अंधार पडेपर्यंत बसून राहिले.

ढोरं सगळी मिळाली. तिच्या पायांना फोड आले, बरोबरच्या एका पोरीच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला, पण एकही खुंटा रिकामा राहिला नाही. रखमाजी अठरा मतांनी आला. मागं चौतीस मतं बसली होती; हा हिशेब वाडीतल्या कुणालाही बोटांवर करता येत होता. पाणवठ्यावर झुंबरबाई आली की बायका बाजूला होऊन जागा द्यायच्या. पूर्वीही द्यायच्या, पण तेव्हा बोलणं थांबत नसे.

तिसऱ्या दिवशी रखमाजी गळ्यातल्या हारासकट आला, मागं चार माणसं, लुगडं आणि नारळ. तिनं त्याला ओट्यावर चढू दिलं नाही. अंगणातच विचारलं, गळ्याची आण घेतलीस ती कुणाच्या गळ्याची? वाडी दारादारांत उभी होती. रखमाजी जराही बिचकला नाही. लढाईचे दिवस आहेत, सावधगिरी नको का, म्हणाला. उद्या खरंच विमानं आली असती तर तूच म्हणाली असतीस, रखमाजीनं का नाही सांगितलं. मग आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आन् आक्का, मी हितं नव्हतोच. दावी तू सोडलीस."

बोलण्यात ती आयुष्यात कुणाला हार गेली नव्हती, पण तो खरं बोलत होता. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. लुगडं अंगणात पडून राहिलं. कुणाच्या गाईनं तुडवलं.

दुसऱ्या दिवशी ती अल्लाबक्षला घेऊन वडगावला मामलेदार कचेरीत गेली. अंबाजीला चल म्हणाली होती. तो व्हय म्हणाला होता आणि पहाटेच सासुरवाडीला गेला होता. कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा एक म्हातारा चटईवर बसायचा. त्याला तिनं सगळं सांगितलं. त्यानं चिठ्ठी, सावरवाडी, अठरा मतं, सगळं नीट उतरवलं आणि वाचून दाखवलं.

"माजं ऱ्हायलं," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं चष्म्यावरून बघितलं. ते घालू नका बाई, म्हणाला. त्यानं अर्ज कच्चा होतो. भाऊ पहिल्या तारखेलाच तुमच्याकडं बोट दाखवील, आणि साहेब म्हणेल, घरातलं भांडण आहे. तुम्ही आपल्या तक्रार करणाऱ्या राहा.

"त्याच्या आधी मीच दाखवते. लिवा. रूळ वाजल्यावर दावी मी सोडली. माजं बघून गावानं सोडली. मी चौकशी न करता सोडली."

"ह्यानं तुमचंच नाव खराब होईल."

"ते झालंच हाय. आता निदान माज्या तोंडून होऊ दे."

त्यानं मान हलवत ते लिहिलं. अंगठ्यासाठी शाईची डबी पुढं केली. तिनं ती बाजूला सारली आणि टाक मागितला. लहानपणी रखमाजी शाळेतून यायचा तेव्हा त्याच्या पाटीवर बघून बघून ती आपल्या नावापुरती अक्षरं शिकली होती. 'झुंबर' लिहून झालं तेव्हा कागदाचा काठ आला. 'बाई' तिनं खालच्या ओळीवर लिहिलं.